हात कुणाचे

पुंता आरेनासला वारा सुटला
की चौकात दोर बांधतात,
लोकांनी धरून चालावं म्हणून.
मी तो धरून लॅबपर्यंत येते.
एका खिशात हातमोजे, दुसऱ्यात स्टॉपवॉच.

माझं काम म्हटलं तर पोरखेळ.
मागच्या बाकावर बसून बघायचं,
कीबोर्डवर हात कुणाचे.

आधी कुणीतरी छापील अर्ज धाडले होते
कॉम्प्युटरचा अभ्यास सोडून गेलेल्या मुलींना.
कारणं चार : लग्न, मूल, पैसा, रस नाही.
बहुतेकींनी चौथ्यावर फुली मारली.
एकीने चौथं खोडून कडेला लिहिलं,
"रस होता. खुर्चीही होती.
जागा नव्हती."
अर्ज बाद. तो कुठल्याच रकान्यात बसेना.

बाद गठ्ठ्यातून तो काढला प्रोफेसर ओयार्सून यांनी,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि म्हणाल्या, पाणी इथे मुरतंय.

तर तिसरी रांग.
यास्ना वुकासोविच, शेजारी एलिसेओ.
दोघांत एक मशीन.
नव्वद मिनिटांत यास्नाचे हात कीबोर्डवर : अकरा मिनिटं.
त्यातली चार, तो पाव खायला बाहेर गेला तेव्हाची.

तो वाईट नाही, हेही नोंदवते.
तिच्यासाठी चहा आणतो, पुढे काय लिहू विचारतो,
ती सांगते, तो टाइप करतो,
आणि चूक सापडली की ती तिलाच सापडते.
ती म्हणते, बाविसावी ओळ बघ,
तो म्हणतो, अरे हो.
पण बोटं त्याची वेगात चालतात ना,
आठव्या वर्षापासून घरात मशीन.
तिच्याही घरात होतं.
भावाच्या खोलीत, भावाच्या जॅकेटखाली.
तिची पेन्सिल वहीत चालते,
बारीक, स्वच्छ, कुणी न मागितलेली.

महिनाभर मी मिनिटं मोजली.
मग बाईंनी एक घंटी आणली,
कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातली, पितळी.
दर पंधरा मिनिटांनी वाजवायची,
खुर्च्या बदलायच्या. बस्स.
एवढ्यासाठी अनुदान हवं, असं समितीला सांगताना
बाईंना स्वतःलाच हसू आलं होतं म्हणे.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ.
यास्नाने कीबोर्डवर हात ठेवले,
ऊन पाणी आहे की गार, बघावं तसे.
प्रोग्राम कोसळला. दोनदा.
एलिसेओ हात मांडीखाली दाबून बसला होता.
मी ते लिहून घेतलं, रकाना नसताना.

जूनपर्यंत अकराची बत्तीस झाली.
बत्तीस. पंचेचाळीस नव्हे.
अहवालात आम्ही बत्तीस ठळक छापली,
तेरांबद्दल एक वाक्य, तळटीपेत.
आणि त्या वर्षीही सात जणी सोडून गेल्या.
घंटी एका लॅबमध्ये वाजते,
वारा सगळ्या शहरात असतो.

चौकात दोर धरून चालणाऱ्यांना
कुणी अर्ज देऊन विचारत नाही,
तुम्हाला चालण्यात रस का नाही?

अनुदान संपलं. स्टॉपवॉच परत केलं,
घंटी कुणी मागितली नाही, म्हणून ती माझ्या टेबलावर,
वर कागद, कागदांवर कप.
काल दार न वाजवता एक मुलगी आत आली,
पहिल्या वर्षाची, नाव सांगितलं दानित्सा.
केसांत वारा तसाच.
म्हणाली, ती घंटी असते ना,
ती आज नेऊ का?
कशाला, मी विचारलं.
ती गोंधळली.
वाजवायला.